वय नंतर विचार, काम कधी सुटलं ते आधी विचार

पुणे,
१४ जुलै २०२५

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

तुझी प्रश्नावली पोचली. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली बारा गावं, साठीपुढचे ४०० लोक आणि शेवटी 'ज्येष्ठांच्या समस्या' असा अहवाल. काम मोलाचं आहे. पण हा कागद आहे तसा गावात नेलास, तर बारा गावं फिरून एकच म्हातारा घेऊन येशील: ६८ वर्षांचा, दोन मुलगे असलेला, गुडघे दुखणारा, महिन्याला चार-साडेचार हजार मिळकत असलेला. असा माणूस त्या बारा गावांत कुठेच राहत नाही.

हिशेब करून बघ. एका आळीत दहा म्हातारे. एक निवृत्त गुरुजी, पेन्शन ३०,०००. बाकीचे नऊ श्रावणबाळचे, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे, महिना १,५०० घेणारे. बेरीज ४३,५००, सरासरी ४,३५०. गुरुजींना हा आकडा हास्यास्पद वाटेल आणि नऊ जणांना स्वप्नातला. तेव्हा मिळकतीच्या तक्त्यात सरासरी छापूच नकोस. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा दे, आणि सोबत खालच्या आणि वरच्या पाव हिश्शाचे आकडे दे. इथे मध्यक १,५००, म्हणजे आळीत खरं काय चाललंय ते कळतं.

आता पहिला रकाना, 'वय (पूर्ण वर्षे)'. फॉर्म भरणारी तुझी पोरं आधार कार्ड बघून आकडा टाकतील आणि पुढे सरकतील. त्या कार्डांवर १ जानेवारीला जन्मलेल्यांची जत्रा दिसेल तुला. थोडीफार शाळा पाहिलेले १ जूनला जन्मलेले असतील, कारण जूनमध्ये नाव घालताना गुरुजींनीच तारीख बसवलेली. पन्नासेक फॉर्म जमले की एक चाळणी लाव: शेवटी ० किंवा ५ असलेली वयं साधारण एक पंचमांश यायला हवीत. निम्म्याच्या आसपास आली, तर अंदाजे आकडे ओतले गेलेत असं समज आणि एकेका वर्षाचे तक्ते करू नकोस.

वय काढायचं ते आठवणींवरून. बीड निजामाच्या मुलखातलं, त्यामुळे सर्वांत म्हाताऱ्यांसाठी खूण पोलीस ॲक्शनची, म्हणजे निजामाचं राज्य गेलं तेव्हाची, सप्टेंबर १९४८. त्यानंतर ७२ चा दुष्काळ. 'दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होतात का' एवढं विचारून थांबायचं नाही. 'तेव्हा लग्न झालं होतं का? कडेवर पोर होतं का? कितवं?' ७२ साली पहिलं पोर वर्षभराचं होतं आणि न्हाण आल्यावर दोन-तीन वर्षांनी ते झालं, असं बाई सांगत असेल तर तिचा जन्म १९५५ च्या आगेमागे, म्हणजे आज सत्तर. पडताळ्याला किल्लारीचा भूकंप घे: ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. ती कुणी विसरलेलं नाही. 'तेव्हा मोठ्या पोराचं लग्न झालेलं होतं का?' दोन खुणांमधून निघालेल्या वयांत पाच वर्षांहून जास्त फरक पडला तर दोन्ही लिहून ठेव, मधलं काढू नकोस. फॉर्मवर वयाचे तीन रकाने कर: आधारवरचं, तोंडी सांगितलेलं, खुणांवरून काढलेलं.

हा खटाटोप कशासाठी, तर या तीन आकड्यांमधली तफावत हाच तुझ्या अभ्यासाचा एक निष्कर्ष असणार आहे. गुरुजींचे तिन्ही आकडे जुळतील. सत्तर वर्षांच्या त्या बाईचं आधारवर ५८ असेल तर श्रावणबाळचं दार तिला आणखी सात वर्षं बंद, कारण तिथे ६५ लागतात. वयाच्या पुराव्याला जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका किंवा मतदार यादीतलं वय चालतं. काहीच नसेल तर सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला. पण हा दाखला हातात असला, तरी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जायचे आणि आधारवरची तारीख वेगळं बोलते, म्हणून अर्ज अडू शकतो. आधारवरची जन्मतारीख बदलायची तर पुन्हा जन्माचाच कागद मागतात. तो असता तर ही वेळ आली असती का?

म्हणून म्हणतो, वयाआधी कामाचा इतिहास विचार. धारूरकडे हे सोपं जाईल, कारण ऊसतोडीत म्हातारपण मोजायचं माप आधीच आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी टोळीचा मुकादम देतो ती आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते. जोडीतलं एक थकलं किंवा गेलं की उरला अर्धा कोयता आणि उचलही निम्मी. वर दिवस बुडाला की खाड्याचे पैसे कापतात, त्यामुळे दुखणं अंगावर काढून काम करायची सवय विशी-पंचविशीतच लागते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, हे पंधरा-वीस हंगाम केलेल्या बाईला तू साठाव्या वर्षी 'गुडघे दुखतात का' असं विचारणार. तो प्रश्न चाळिशीतच विचारायला हवा होता. फॉर्ममध्ये हे चार प्रश्न घाल: पहिल्यांदा तोडीला कितव्या वर्षी गेलात? स्वतःच्या नावावर शेवटची उचल कधी घेतली? त्यानंतर काय करता? आणि ते काम का सुटलं: अंग चालेना, डोळे गेले, जोडीदार गेला, की मुकादमानेच नको म्हटलं? तिसऱ्या प्रश्नाला 'काही नाही' असं उत्तर येईल. तिथे पोरांनी थांबायचं. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर नातवंडं सांभाळणं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधून विकणं, गावात राहून चार घरची पोरं आणि शेळ्या बघणं, हे सगळं त्या 'काही नाही'त बसलेलं असतं. एकेक नाव घेऊन विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

बायकांसाठी आणखी एक प्रश्न आहे आणि तो तुझ्या फॉर्मवर नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. पिशवीबरोबर बीजाशयंही गेली असतील तर तिशी-पस्तिशीत पाळी कायमची जाते, आणि हाडांची झीज दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होते. कागदावर ती बाई 'प्रौढ', शरीराने म्हातारी. हा प्रश्न बाईनेच, एकटीत आणि शेवटी विचारायचा; 'पिशवीचं ऑपरेशन झालंय का, कितव्या वर्षी' एवढेच शब्द. सासू किंवा मुलगा समोर असेल तर तो रकाना कोरा राहू दे.

तुला अभ्यासाची चौकट हवी होती, ती थोडक्यात सांगतो. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आणखी येत जातं, ही गोष्ट रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये शास्त्रज्ञांच्या नावलौकिकाबद्दल मांडली. १९८७ मध्ये डेल डॅनेफर यांनी ती म्हातारपणाला लावली: एकाच साली जन्मलेली माणसं वयाबरोबर एकमेकांसारखी होत नाहीत, आयुष्यभराची तफावत साचत जाते. आपल्याकडे याला एक वळसा आहे. फार गरीब माणसं साठीपर्यंत पोचतच नाहीत. उत्तर प्रदेश, बिहारसारख्या नऊ राज्यांच्या २०१०-११ च्या आकडेवारीवरून अभ्यासकांनी काढलं होतं की उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचं सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचं चार वर्षांहून अधिक कमी आहे. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून तो आकडा धारूरला चिकटवू नकोस. पण सापळा ध्यानात ठेव: ८० च्या पुढच्या गटात गरीब-श्रीमंतांची तब्येत सारखी दिसली तर 'म्हातारपणी विषमता कमी होते' असं लिहून मोकळा होशील. तिथे उरले ते चिवट होते म्हणून उरले. यावर उपाय एकच, मेलेल्यांनाही विचारायचं. प्रत्येक घरात 'तुमची भावंडं किती, त्यांतली किती हयात, गेलेली कितव्या वर्षी गेली' एवढं लिहून घे. पाच मिनिटं जास्त जातील, पण त्याशिवाय तुझा अभ्यास फक्त वाचलेल्यांचा.

घराचा रकाना: 'कोणाबरोबर राहता?' एकत्र, स्वतंत्र, मुलाकडे. यातलं काहीच टिकणार नाही. एकाच छपराखाली वेगळी चूल असते. आईबाप मुलांत वाटलेले असतात, आई थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे, किंवा महिना याच्याकडे, महिना त्याच्याकडे. अमावस्येला पाळी बदलली की तू ज्या घरी नोंद केलीस तिथे तो माणूस नसतो, आणि क्वचित दोन्ही घरी नोंदला जातो. सरळ विचारायचं: 'काल रात्री कोणाच्या चुलीवरचं जेवलात? मागच्या महिन्यात कोणाकडे होतात? औषधाचे पैसे शेवटचे कोणी दिले?' तिसऱ्या प्रश्नाला पुष्कळदा 'लेकीनं' असं उत्तर येईल. तुझ्या फॉर्ममध्ये लेक कुठेच नाही.

जमिनीचं. 'तुमच्या नावावर जमीन आहे का?' यावर विधवा 'हो' म्हणेल. सातबारा काढला तर तिचं नाव कब्जेदारांत नसून 'इतर हक्क'मध्ये सापडेल, किंवा थोरल्या दिरापुढे 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) लिहिलेलं आणि तिचं नावच नाही. नवरा गेल्यावर गाव नमुना ६-क मध्ये वारस नोंद व्हायला हवी होती. ती कोणी आणि कधी केली, तिला माहीत असतं का, हे विचार. उतारे ऑनलाइन बघता येतात, त्यामुळे परवानगी घेऊन गट नंबर टिपला तरी पुरे.

याला लागून २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाहाचा कायदा येतो. तुझ्या फॉर्ममध्ये 'कायदा माहीत आहे का: हो/नाही' असं आहे. माहिती असून काय होतं ते बघ. अर्ज प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणात. निकाल ९० दिवसांत अपेक्षित. निर्वाह भत्ता जास्तीत जास्त महिना १०,०००. मूलबाळ नसलेल्याला नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो, पण नातेवाईक म्हणजे जो त्याची मालमत्ता वापरतोय किंवा पुढे ज्याला ती मिळणार आहे तो. ज्याला मूल नाही आणि मालमत्ताही नाही, त्याने अर्ज कोणावर करायचा? कायद्यात त्याच्यासाठी माणूसच नाही. आणि ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्यासाठी मेख वेगळी: बक्षीसपत्र करून दिलं आणि मुलाने पाठ फिरवली, तर कलम २३ खाली ते रद्द होऊ शकतं, पण 'सांभाळ करीन' ही अट दस्तात शब्दात लिहिलेली असेल तर काम सोपं होतं. तुझी पोरं गावात जातीलच, तर बक्षीसपत्राच्या तयारीत असलेल्यांना एवढं सांगून यायला हरकत नाही.

योजनांचा तक्ता मात्र पूर्ण बदल. 'लाभ मिळतो का' यातून काही कळणार नाही, नियम कुठे चावतात ते कळायला हवं. श्रावणबाळला कुटुंबाची वार्षिक मिळकत २१,००० च्या आत लागते. महिन्याला १,७५०. रोजगार हमीचा २०२५-२६ चा रोजचा दर ३१२. घरातल्या एका माणसाने ६८ दिवस काम केलं की मर्यादा ओलांडली. म्हणजे प्रामाणिक दाखला मिळवणारा जवळजवळ कुणीच बसत नाही, आणि यादीत आहेत ते कोणाच्या तरी ओळखीने किंवा दयेने बसलेले आहेत. विषमता इथे उत्पन्नात कमी आणि तलाठ्यापर्यंतच्या ओळखीत जास्त आहे. म्हणून 'अर्ज कोणी भरून दिला, किती खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला मजुरी किती बुडाली' हे विचार.

बायकांचं ६५ वं वर्ष वेगळं बघ. लाडकी बहीण २१ ते ६५ पर्यंत, कुटुंबाची मर्यादा अडीच लाख, रक्कम १,५००. पासष्टी उलटली की ती बंद, आणि पुढचं दार श्रावणबाळचं: रक्कम तीच १,५००, मर्यादा २१,०००. काल पात्र असलेली बाई वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी अपात्र, आणि तो वाढदिवस कुठला तर १ जानेवारी, जो तिचा नव्हेच. ६३ ते ६७ वयाच्या बायका नमुन्यात मुद्दाम जास्त घे.

वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्र सरकारचा वाटा ६० ते ७९ वयासाठी २०० रुपये, तो २००७ पासून हललेला नाही. ८० नंतर ५००. त्याच ८० व्या वर्षी केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याला मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार तुला भेटतील, त्यांचं तिसरंच: ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची पेन्शन योजना), किमान पेन्शन १,०००, सप्टेंबर २०१४ पासून तेवढीच. ऊस एकच, तोडणारा, गाळणारा आणि कारखान्यावर देखरेख करणारा सरकारी साहेब, तिघांची म्हातारपणं तीन. हा तक्ता नीट काढलास तर बाकी अहवाल नाही लिहिला तरी चालेल.

पैसे मंजूर झाल्यावरचं एक. अंगठा. कोयता, खुरपं, खडी, भांडी घासायची राख यांनी बोटांच्या रेषा झिजतात, आणि वयाने कातडी कोरडी पडते. पैसे काढायला गेल्यावर बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर 'अंगठा लागत नाही, उद्या या' हे वाक्य ऐकलं नाही असा तोडकरी सापडणं अवघड. सकाळी हात कोरडे असतात. कोमट पाण्याने धुऊन, पुसून, किंचित ओलसर असताना लावलं तर लागतं. दहाही बोटं आजमावायची, पुष्कळदा करंगळी किंवा अनामिका शाबूत असते. तेही नाही जमलं तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून डोळ्यांच्या बुबुळांची नोंद नव्याने करून घ्यायची. फॉर्ममध्ये 'मागच्या सहा महिन्यांत अंगठा किती वेळा लागला नाही' असा प्रश्न घाल. त्याच रांगेत गुरुजी नसतात, ते एटीएम वापरतात.

तब्येतीच्या प्रश्नांत 'तुमची प्रकृती कशी आहे' ठेव, पण त्यावर विसंबू नकोस. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलेलं आहे की केरळात आयुर्मान जास्त असून लोक आजार जास्त सांगतात आणि बिहारात उलट. ज्याला डॉक्टर भेटतो त्यालाच आजाराचं नाव कळतं. 'बीपी आहे का' विचारून धनिकांचं बीपी जास्त निघेल. यंत्र घेऊन जा, पाच मिनिटं बसवून दोनदा मोज. रोजच्या कामांची यादी तू आंघोळ, कपडे, स्वयंपाक, पैशांचा हिशेब अशी घेतली आहेस. त्यात 'येत नाही' आणि 'कधी केलंच नाही' असे दोन वेगळे पर्याय हवेत, नाहीतर तालुक्यातले निम्मे पुरुष स्वयंपाकामुळे अपंग ठरतील.

एसटीचाही प्रश्न घाल, पण दोन पायऱ्यांत. ७५ च्या पुढे प्रवास फुकट (ऑगस्ट २०२२ पासून), ६५ ते ७५ निम्मं तिकीट. आधी विचार, गावात एसटी येते का. डोंगरपट्ट्यातल्या तांड्यावर सवलत आहे आणि गाडी नाही.

आता नमुना. ४०० पुरेसे वाटतात. त्यांत निम्म्या बायका धर, २००. त्यांतल्या निम्म्या विधवा, १००. एक तृतीयांश भूमिहीन, ३३. त्यांतल्या ७५ च्या पुढच्या पाचव्या हिश्शाने, सहा-सात. सहा जणींवरून टक्केवारी काढणार का? ३० माणसांच्या गटातसुद्धा ५० टक्क्यांचा आकडा १८ ने खाली-वर होऊ शकतो. म्हणून घरांची यादी आधी वस्तीप्रमाणे कर: मूळ गावठाण, दलित वस्ती, तांडा, पारध्यांची पालं, शेतातली घरं. मतदार यादीवर भागवू नकोस, सोडलेल्या बायका आणि परगावची लेक तिथे नसतात. आशाताईंना घेऊन बस, एका दुपारी यादी होईल. छोट्या गटांतून जास्त माणसं घे आणि अहवालात प्रत्येकाला लोकसंख्येतल्या प्रमाणाचं वजन देऊन आकडे जुळव. प्रत्येक मुलाखतीवर 'आणखी कोण हजर होतं' हेही लिहा. मुलगा जवळ बसलेला असताना आलेलं 'पोरगा बघतो, काही कमी नाही' वेगळ्या गठ्ठ्यात जायला हवं.

हा फॉर्म कोकणात न्यायचा विचार कळवला होतास, तो सध्या बाजूला ठेव. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कर्ती माणसं मुंबईत आणि गावात म्हातारी आई, घर बंद होऊ नये म्हणून. तिथला हंगाम गणपतीचा आणि शिमग्याचा. उचल, कोपी यांचे सगळे प्रश्न गळून पडतील.

वेळ तेवढी सांभाळ. दसरा उरकला की ट्रक भरून टोळ्या निघायला लागतात, मग एप्रिलपर्यंत गावात म्हातारे आणि नातवंडंच. तोडीला जाणारे साठीचे लोक गाठायचे तर सप्टेंबरअखेर पहिली फेरी संपायला हवी. मागे राहिलेले कसे जगतात ते बघायला दुसरी छोटी फेरी जानेवारीत. त्याआधी एका गावात पंधरा घरांवर फॉर्म आजमावून घे, त्यांत पाच तांड्यावरची. ते पंधरा फॉर्म भरून आले की कोऱ्या राहिलेल्या रकान्यांसकट, खाडाखोड न मिटवता, मला पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत

ता. क. 'ज्येष्ठ नागरिक' हा शब्द फॉर्मच्या माथ्यावर राहू दे, पण पोरांना तोंडाने वापरू देऊ नकोस. तांड्यावर त्याचा अर्थ पेन्शनवाला असा घेतात, आणि 'ते गावात राहतात' म्हणून दार लावून घेतात.